भरे गावच्या पालखीपुढे सुराला उभा राहिलो

बबनरावांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. बबनराव सनई वाजवतात. मूळचे सासवडकडचे, लग्नसराईत आणि जत्रांत गावोगाव फिरतात. दोन वर्षं दर रविवारी सकाळी कोथरूडमधल्या एका मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात ते मला शिकवतायत. मी चव्वेचाळीस वर्षांचा, गाव लातूरकडचं, नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत, आणि हौस ही अशी.

"मारुतीची दाढ काढलीय," ते म्हणाले. "तोंड हे एवढं सुजलंय. उद्या मुळशीत तीन मिरवणुका हायेत. सुराला याल का?"

सनईच्या जोडीला दुसरी सनई असते. ती गाणं वाजवत नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर धरून ठेवते. नाकाने श्वास घ्यायचा आणि त्याच वेळी गालात साठवलेली हवा फुंकत राहायची. ऐकणाऱ्याला खंड कळता कामा नये. बबनरावांचा धाकटा भाऊ मारुती आयुष्यभर हेच करत आलाय.

"अर्धा तास टिकंल न्हवं?"

"टिकेल," मी म्हणालो.

दहा मिनिटांच्या पुढे मी कधीच गेलो नव्हतो. हे त्यांना का सांगितलं नाही, याचा विचार करत दुसऱ्या दिवशी सकाळी मी पौडची एसटी पकडली. मला जायचं होतं, यापलीकडे कारण सापडलं नाही.

कोथरूडहून पौड तासाभराचं. चांदणी चौक सोडला की भूगाव, मग पिरंगुटचा घाट, आणि घाट उतरल्यावर एका बाजूला कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड, दुसऱ्या बाजूला डोंगर. चैत्रात डोंगर कोरडेच असतात, हिरवळीसाठी जाणार असाल तर पावसाळ्यानंतर जा. तिकीट वीसेक रुपये. पौडच्या स्टँडसमोर मिसळ चांगली मिळते. मी मात्र अर्धीच खाल्ली, भरल्या पोटी श्वास पुरत नाही म्हणून.

स्टँडवर बबनराव आणि संबळवाले नामदेवराव टेम्पो घेऊन उभे होते. चहा पिताना बबनरावांनी दिवस समजावून सांगितला. सकाळी उरवड्यात लग्न, दुपारी भऱ्यात जत्रेची काठी, संध्याकाळी तिथलीच पालखी.

"पालखी जपून वाजवायची," ते म्हणाले. "तितल्या पोरांना देवाम्होरं बँजो पायजे. जत्रा कमिटीच्या तात्यांनी अडवून धरलंय. पालखी जाग्यावर बसली की फुडल्या सालाचा नारळ देत्यात. माझ्या आज्यापासनं मिळतोय. औंदा न्हाई मिळाला, तर संपलं समजायचं."

सांगायची वेळ होती ती. मी कपातला उरलेला चहा संपवला.

उरवड्यात नवरदेवाला घोड्यावरून मारुतीच्या देवळापर्यंत न्यायचं होतं. पाच मिनिटांचा रस्ता, पण तासभर लागला. चौकाचौकात वऱ्हाड नाचायला थांबे, मग नामदेवराव एकटेच संबळावर सुटत आणि मला दम घ्यायला मिळे. कारखान्याच्या गेटवर निळ्या कपड्यातले कामगार उभे होते. त्यातला एक ओरडला, "चाचा, कोई फिल्मी हो जाए." बबनरावांनी चालता चालता सिनेमाच्या गाण्याच्या दोन ओळी वाजवल्या आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी मूळ चालीवर परत आले. गेटवरच्यांनी शिट्ट्या मारल्या. माझा एकच सूर त्या दोन्हीला चालला याचं मला फार अप्रूप वाटलं.

तिथून भरे. जत्रेच्या दिवशी अनोळखी माणसालाही गावात जेवायला बसवतात. जत्रा कमिटीचे म्हातारे प्रमुख तात्या यांच्या ओसरीवर मटण-भाकरी झाली. तात्या माझ्याकडे बघत होते.

"ह्ये कोन?"

"पुण्याचे सायेब हायेत. शिकत्यात," बबनराव म्हणाले.

"मारुती कुटं हाय?"

"दाढ काढलीय."

"आजच बरी काढली," असं म्हणून तात्यांनी माझ्या ताटात आणखी रस्सा वाढायला सांगितला.

दुपारच्या काठीच्या मिरवणुकीचं मला नीट सांगता येणार नाही. पुढे लेझीम, मागे ट्रॉलीवर जनरेटर लावलेला बँजो, मध्ये आम्ही. गुलालाची मूठ थेट माझ्या उघड्या तोंडावर बसली. सनईची तोंडात धरायची पत्ती बबनरावांनी वाटीभर पाण्यात धुतली, दोनदा फुंकून पाहिली आणि मला दिली. तेवढ्या वेळात त्यांची स्वतःची चाल नामदेवरावांनी संबळावर धरून ठेवली होती. तिघांत एक शब्द बोलणं झालं नाही. इतकं नेमकं काम मी आमच्या ऑफिसात पाहिलेलं नाही.

पाचला पालखी उठली. वाजवणारे पालखीपुढे उलटे चालतात, देवाकडे पाठ करायची नाही म्हणून. देवळाचा चढ असा मागे मागे चढायचा. पालखी चालीवर डुलते. चाल वाढली की भोयांची पावलं वाढतात. बबनरावांनी चढावरची चाल धरली आणि पुढचे दहाबारा जण जणू त्यांच्या बोटांवर चालू लागले.

बँजोच्या वायरीत पाय अडकला असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. पायऱ्यांपाशी माझा श्वास संपला आणि सूर तुटला.

बबनरावांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी चाल सोडून दिली आणि माझा सूर स्वतः धरला. सगळा गाव ज्या चालीसाठी थांबला होता ती सोडून ते नवशिक्यासारखे एकच सूर फुंकत उभे राहिले. भोई जागच्या जागी पावलं टाकत राहिले. कमिटीतला एक तरुण म्हणाला, "तात्या, वाजप बंद पडलं बगा."

"गप ऱ्हा. बंद न्हाई पडलं," तात्या म्हणाले.

मला पुन्हा सूर लागला. तो स्थिर होईपर्यंत बबनराव थांबले आणि जिथे सोडली होती तिथूनच त्यांनी चाल उचलली. पालखी वर गेली.

पालखी बसल्यावर मी तात्यांकडे गेलो. "मघाशी सूर तुटला तो माझ्यामुळे," मी म्हणालो. "बबनरावांना मी सूर अर्धा तास टिकेल असं खोटं सांगितलं होतं. त्यांची चूक नाही."

"ठावं हाय. मारुती इतक्या वर्सांत कदी सापडला न्हाई. तुमी दोनदा सापडला."

"दोनदा?"

"आत्ता पायरीवर. आन् त्याच्या आदी दुपारी काठीला, पाराजवळ. तितं बँजोचा कालवा हुता, म्हून तुमाला वाटलं कुनाला कळलं न्हाई."

पाराजवळचं मी वर लिहिलेलं नाही. तात्यांनाही सांगितलं नव्हतं. ते खरं होतं.

तात्यांनी नारळ हातात घेतला. तो तरुण काही बोलणार तोच म्हणाले, "एकाचा दम गेला तर दुसरा सोताचं टाकून तितं उबा ऱ्हायला. तुज्या मशिनीतलं कोन करंल आसं?" आणि नारळ बबनरावांच्या हातात देत पुढे म्हणाले, "फुडल्या साली याच. पर सुराला मारुतीच पायजे. काय दाढा काढायच्या त्या आदी काढून घे म्हनावं."

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते.

परतीच्या टेम्पोत बबनराव माझ्या शेजारी बसले होते. पिरंगुट आल्यावर विचारलं, "खरं किती टिकतंय तुमाला?"

"दहा मिनिटं."

"मग दहा म्हनायचं. दर दहाला नामदेवला संबळ मोकळा सोडायला सांगितला असता. तुमी तीस म्हनला, म्हून मी तीसचं वाजवलं."

घरी आल्यावर बायकोने आधी माझ्या कानातला गुलाल काढला. कसं झालं विचारलं, तेव्हा मी लेझमीचं सांगितलं, मटणाचं सांगितलं. उरलेलं सांगायला दोन दिवस गेले. शहरात मी कितीतरी मैफली ऐकतो. तात्यांसारखं मी एकदाही ऐकलेलं नाही. माझ्या वाजवण्याकडेही इतकं लक्ष आजवर कुणी दिलं नव्हतं, आणि त्यांनी दिलं तेव्हा त्यांना मी तिथे नको होतो.

पुढच्या रविवारी बबनरावांनी विचारलं, "आज किती?"

घरून निघण्याआधी घड्याळ लावून पाहिलं होतं.

"नऊ," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि नऊ मिनिटांचं वाजवायला घेतलं.