साडूंची सात मिनिटं

माझ्या साडूंइतका कामसू माणूस मिरा-भाईंदरमध्ये दुसरा नसेल, आणि असलाच तर तो त्यांनीच घेतलेल्या एखाद्या 'यशस्वी व्हा' शिबिरातून बाहेर पडलेला असेल. नोकरी त्यांना आहे, पण तिच्याकडे ते जोडधंदा म्हणून बघतात. दात घासताना ते यशस्वी माणसांची भाषणं दुप्पट वेगानं ऐकतात, त्यामुळे सगळी यशस्वी माणसं त्यांना चिडलेलीच वाटतात. माझ्या मुलाच्या बारशाला आल्या आल्या त्यांनी नाव विचारायच्या आधी बाळाचा विमा काढलाय का, ते विचारलं. विश्रांतीला त्यांचा विरोध नाही. दुपारी मोबाइलवर सात मिनिटांचा गजर लावून ते डोळे मिटतात, सहाव्या मिनिटाला उठतात आणि म्हणतात, "एक वाचलं."

हेच साडू लग्नाआधी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सासऱ्यांच्या दारावरची पाटी त्यांच्याच हातची; नवा पोस्टमनसुद्धा ती वाचून झाल्यावर जरा बघत राहतो. "पुन्हा रंगवा ना," मी एकदा म्हणालो. "वेळ कुठाय हो," ते म्हणाले, आणि उजव्या हाताची बोटं चोळत बसले. हातातलं वळण गेलं असेल, अशी त्यांना भीती होती. मला वाईट वाटलं, पण मी विषय बदलला.

गेल्या पावसाळ्यात मासेमारी बंद असताना ते मला चौकच्या कोळीवाड्यात घेऊन गेले. कोळ्यांना या 'रिकाम्या' दिवसांत जोडधंदा शिकवायचा बेत होता. किनाऱ्यावर ओढलेल्या होडीपाशी एक म्हातारे काका जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आमी रिकामे न्हाय," ते म्हणाले. "दर्यान मासली वाढतेय, तिला वाढू देतोय."

साडू होडीला वळसा घालून पुढच्या टोकाशी गेले. होडीवरचं नाव पुसट झालं होतं. बराच वेळ त्याच्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "हे मी काढू का?" काकांनी रंगाचा डबा पुढे सरकवला. साडूंनी सवयीनं मोबाइलवर सात मिनिटांचा गजर लावला.

पहिली रेघ थरथरली. पुसली. दुसरीही पुसली. गजर वाजला तेव्हा त्यांनी मोबाइल जाळ्याखाली ढकलला. चौथी रेघ सरळ आली. चार अक्षरांना अख्खी दुपार गेली.

ऑगस्टमध्ये होडी पाण्यात जाताना पाहायला आम्ही दोघं गेलो. ती लहान लहान होत गेली. साडू हात मागे बांधून नुसते उभे होते. घड्याळ मीच दोनदा पाहिलं.

"निघायचं?" मी विचारलं.

"थांबा हो," ते म्हणाले. "अक्षर दिसतंय अजून."