राजेळीच्या नावाने

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मावशीच्या राजेळीचा मुनवा, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेलं पिल्लू, मी परदेशातल्या केंद्राला पाठवलाच नाही. त्या जागी भुरकेळीचा, दुसऱ्याच वाणाचा पाठवला.

मी विरारला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. मातीतल्या एका बुरशीने देशोदेशीच्या केळी मरताहेत, म्हणून ते केंद्र जगभरची वाणं काचेच्या नळ्यांत जिवंत ठेवतं आणि मागेल त्याला फुकट देतं. मालकी कुणाचीच नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मावशीने स्वतः पहार घेऊन मुनवा काढून दिला. राजेळीची केळी उन्हात सुकवून आमच्याकडे सुकेळी करतात, दुसऱ्या केळ्याची ती होत नाहीत. तिकडच्या पोरांनाही सुकेळी खाऊ दे, म्हणाली.

त्याच रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात विषय निघाला. परदेशी कंपन्यांचा हळदीवर हक्क सांगून झाला, तांदळावर झाला, आता आपल्या केळ्यावर सांगतील, असं एकजण म्हणाला. दुसऱ्याने मला कोपरखळी मारली, "सर, तुम्ही आपले की त्यांचे?"

सगळे हसले. समजावून सांगता आलं असतं. पण मीही हसलो. "आपलाच की."

घरी येऊन मुनवा बदलला. एवढा लहान असताना फरक कुणाला कळणार? खरा मुनवा गोणपाटात कुजला. खोटं कशाला बोलू, तेव्हा देशासाठी काही केल्यासारखं वाटलं होतं.

पुढे नाल्यावर भराव पडला. पाणी वाडीत तुंबून राहिलं आणि मावशीचं केळीचं बेट मुळासकट गेलं. आजूबाजूच्या वाड्यांवर तोवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. मावशी रडली नाही. "बरं झालं, तू तिकडे दिलंस," म्हणाली. "आता त्यांच्याकडून एक मागव."

केंद्राच्या साइटवर आमच्या गावाच्या नावापुढे राजेळी लिहिलंय. निरोगी, वाटपासाठी उपलब्ध. कुठल्याशा देशात कुणी बाई ते रोप लावून सुकेळ्यांची वाट बघत असेल. वर्गात फळा पुसताना ती मला मधेच दिसते. चेहरा मावशीचा असतो.

मावशीने खड्डा खणून शेणखत घालून ठेवलंय. रोप कधी येतंय, विचारते. कागद अडकलेत, असं मी सांगतो. ती केंद्रवाल्यांना शिव्या घालते आणि मी चहा पितो.

नळीतलं वाण राजेळी नव्हे, हे मला केंद्राला कळवायचं आहे. आणि रोप येणार नाही, हे मावशीला समोर बसून सांगायचं आहे. दोन्ही अजून माझ्याकडे बाकी आहे.