आमचा खलनायक आणि तारांची टोपी

आमचा खलनायक माणूस म्हणूनही वाईटच होता, हे आधीच सांगून टाकते. झाडीपट्टीतल्या आमच्या नाटक कंपनीत मी नायिका. दर प्रयोगात हा माझी वेणी धरून मला मंचभर ओढायचा, आणि खरोखर ओढायचा! "भाऊ, हळू ओढा ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुले रडाचं नाटक जमत नाई, म्हून खरंच रडवतो."

नाटक सुटल्यावर मूल गावाकडच्या बायका त्याच्या तोंडावर बोटं मोडायच्या. ज्या गावात शिव्या पडल्या नाहीत, तिथे हा जेवायचा नाही. "आज आपून पडलो," म्हणून तोंड पाडून बसायचा.

मग पक्षाघाताने हात, पाय, जीभ सगळं नेलं. डोकं तेवढं लख्ख राहिलं. 'हो' म्हणायला पापणी तेवढी हलायची, तीही दोन प्रश्नांत थकायची.

नागपूरहून डॉक्टरांचं पथक अभ्यासासाठी आलं. डोक्यावर तारांची टोपी. रुग्णाने मनात हात हलवला की ती मेंदूतला इशारा ओळखून पडद्यावरचं अक्षर उचलणार. "काका, मूठ आवळतोय अशी कल्पना करा." बरेच दिवस काही म्हणता काही नाही. मी भेटायला गेले आणि यंत्र धडाधड चालायला लागलं. अक्षरं जुळली, "तुही वेणी वढून राह्यलो."

मेल्या! मी हसता हसता रडले.

पुढे त्याने सगळ्यांना धारेवर धरलं. भात कच्चा, डॉक्टरचा शर्ट भिकार. बायकोला मात्र, शांताबाईला, जन्मात पहिल्यांदा विचारलं, "तू जेवली का?" ती पदर तोंडाला लावून आत पळाली.

आणि एक दिवस पथक टोपी न्यायला आलं. अभ्यास पूर्ण झाला म्हणे. "टोपी ठेवा," त्याने लिहिलं. मोठ्या डॉक्टरने खांदा थोपटला, "काका, तुमचं योगदान फार मोलाचं आहे."

पडद्यावर उमटलं, "डाक्टर, तू", आणि त्यांनी तार काढली.

मोलाचं! माणसाला वाचा द्यायची आणि काम झालं की हिसकावून न्यायची? मी अंगणात उभी राहून भांडले. "बाई, नियम आहेत," म्हणत ते गाडीत बसले. आग लागो त्या नियमांना.

अजून मी जाते. खाटेशी बसून त्याचं ते अर्धं वाक्य मोठ्याने पुरं करते. येतील तेवढ्या शिव्या घालते, शांताबाईही दोन घालते. मग विचारते, "भाऊ, हेच म्हणाचं होतं ना?"

पापणी हलत नाही.