ऐकायचं राहिलेलं पान

एका मुलीचं वाचन माझ्यामुळे थांबलं. हे मी आजवर स्टाफरूममध्येही बोलले नाही.

भांडुपच्या टेकडीखालच्या आमच्या मराठी शाळेत ती दुसरीला होती. वाचायची वेळ आली की पुढच्या उंच मुलामागे लपायची. मी तिला कधी उभं केलं नाही. मधल्या सुट्टीत शेजारी बसून डबा खायचे आणि ती एकेक शब्द माझ्या कानात वाचायची. चुकली तर म्हणायचे, "थांब गं, मला नीट ऐकू नाही आलं." मग स्वतःच दुरुस्त करायची. दिवाळीनंतर कुजबुज गेली, तिला आवाज फुटला. अख्खं पान मोठ्यानं वाचून दाखवीन, असं तिनं आपणहून कबूल केलं.

त्याच आठवड्यात मला मतदारयादीच्या कामाला जुंपलं. माझी मुलं शेजारच्या वर्गात कोंबली आणि मी टेकडीवर दारोदार. "काय बाई, पोरं सोडून दारं मोजताय?" लोक हसायचे. काही दारं तर उघडायचीच नाहीत.

एका दारात तीच उभी!

"आजी, बाई आल्या! माझं वाचन ऐकायला आल्या!"

आत पळाली, पुस्तक घेऊन आली. मी आजीला घरातली नावं विचारत होते, तोवर हिनं सुरूही केलं. सावकाश, पण न अडखळता.

"अगो, बाईंका काम करूक दी," आजी म्हणाली.

तेवढ्यात यादीचं काम बघणाऱ्या साहेबांचा फोन. अजून किती घरं राहिली? मी तिचं पुस्तक मिटलं. "नंतर हं, बाळा."

इतके दिवस मी मनाशी साहेबांचं नाव पुढे करत आले. खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावरही मला थांबता आलं असतं. उन्हानं डोकं उठलं होतं आणि त्या क्षणी मला ती नको झाली होती. बस, एवढंच.

वर्गावर परतले तेव्हा ती पुन्हा त्या मुलामागे. सुट्टीत शेजारी बसले, पुस्तक उघडलं.

"मला येत नाही."

"येतं की गं. मी ऐकलंय."

"तुम्ही कुठे ऐकलं?"

मग हळूच म्हणाली, "उद्या वाचते. उद्या तुम्ही आहात ना, बाई?"

उद्यापासून पुढच्या सर्वेचं ट्रेनिंग होतं. ऑर्डर सकाळीच हातात पडली होती. डब्यातली चपाती मोडून मी तिच्यापुढे धरली.

तिनं ती घेतली नाही.