नारू, गंगव्वा आणि गाळलेलं पाणी

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात डॉक्टरकी शिकत होते. मंद्रूपच्या पुढच्या एका खेड्यात नारूच्या पाहणीला कोण येणार, असं सरांनी विचारलं. त्याच आठवड्यात तोंडी परीक्षा होती, त्यामुळे सगळ्यात आधी माझा हात वर गेला.

मंद्रूपपर्यंत एसटी, पुढे बैलगाडी. आता डांबरी रस्ता आहे, पण जाणार असाल तर मे महिना टाळा. आम्ही नेमके मेमध्येच गेलो. गाडीत सरांनी शिकवणी सुरू केली. विहिरीतल्या बारीक किड्यांबरोबर नारूची पिल्लं पोटात गेल्याशिवाय नारू होत नाही. हे आवश्यक कारण. पण ते एकटं पुरत नाही. पायऱ्यांची विहीर हवी, नारू झालेला पाय तिच्यात बुडायला हवा, पाणी न गाळता प्यायला हवं. सगळं जुळलं की रोग होतो, त्यातलं एक काढलं की टळतो.

आम्ही उतरलो ईश्वरप्पांच्या घरी. ते बाजेवर पडून होते. पायातून निघणारा दोऱ्यासारखा लांब नारू काडीला गुंडाळलेला, आणि पेरणी तोंडावर. त्यांची बायको गंगव्वा मात्र ठणठणीत. घर एक, विहीर एक, मग नारू एकालाच कसा? ईश्वरप्पांच्या मते दोष बायकोच्या जहाल शेंगाचटणीचा होता. सरांनी तेही लिहून घेतलं. पण जेवताना कडक भाकरीबरोबर गंगव्वानं तीच चटणी दुप्पट खाल्ली, तेव्हा गुपचूप खोडलं.

मी चुलीपाशी जाऊन बसले आणि तिलाच विचारलं.

"आमचे मालक विहिरीवरच ओंजळीनं पितात," ती म्हणाली. "मी घरी आणून दुहेरी धोतरातनं गाळते."

"नारूच्या भीतीनं?"

"न्हाय की. समोरची शांतव्वा पाय बुडवून घागर भरती. तिचं माजं लई वाकडं हाय. तिच्या पायाचं पाणी मी तसंच पिऊ व्हय?"

दुपारी सरांनी चावडीत सूक्ष्मदर्शकातून किडे दाखवले. लोकांनी आदरानं पाहिले आणि घरी जाऊन न गाळता पाणी प्यायले. मग मी घरोघर फिरले. किड्यांचं नावही काढलं नाही. तुमच्या घागरीत कोणाकोणाच्या पायाचं पाणी येतं, एवढंच विचारलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक घागरीवर फडकं चढलं.

परत येताना मला अपराधी वाटत होतं. रोग हटवायला गेले आणि भांडणं लावून आले. अहवालात नारू टाळणाऱ्या गोष्टींत मी 'गाळणे' लिहिलं आणि त्याखाली 'शेजारणीशी वाकडे'. सरांनी लाल पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

नारू उगवायला वर्ष लागतं, म्हणून पुढच्या मेमध्ये पुन्हा गेलो. गावात कोणाच्याच पायाला काडी नव्हती. ईश्वरप्पा शेतात होते. गंगव्वाला विचारलं, आता सगळं ठीक ना?

"नारू गेला," ती खुशीत म्हणाली. "पण गावात कोणी कोणाशी बोलत न्हाय."