सुमनताईचं पथ्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मालक गेले, त्यांनाही नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, सरळ लिहीन म्हणते — पण सरळ जमेल का, बघू.

नव्वदनंतरची गोष्ट. नाशिकजवळ मखमलाबादला आमचा भाजीचा मळा, आणि पंचवटीत बाजारात मी स्वतः बसायचे. आमची कारली नावाजलेली. तेव्हा मला साखर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, खाण्यावर ताबा ठेवा आणि रोज गोळी घ्या. एकावर भागणार नाही, दोन्ही पाहिजे, नाहीतर साखर काळजापर्यंत जाते. मी भात सोडला, चहातली साखर सोडली, सगळ्यांच्या देखत सकाळी कारल्याचा रस प्यायला लागले. गोळ्या मात्र मिसरीच्या डबीत ठेवून रोज गुपचूप घ्यायचे. दाताला लावायची माझी मिसरी — त्या डबीला दुसरं कोण हात लावणार?

लपवायचं कशाला? आमच्यात गोळीवर आलेली बाई म्हणजे कामातून गेलेली. सुना हळूच बाजारातली जागा घेतात, मग बसा ओट्यावर. मला ओट्यावर बसायचं नव्हतं. साखर उतरली, तशी मी म्हणायला लागले, कारल्याने उतरली. बाया विचारायला यायच्या, कारली घेऊन जायच्या. मला ते आवडायचं. नाही कशाला म्हणू?

सुमनताई माझी धाकटी नणंद. मनमाडला दिलेली, नवरा रेल्वेत. तिलाही साखर होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली, तेव्हा गोळ्यांना विटलेली. माझ्या दोन्ही सुना तिथेच बसल्या होत्या. तिने विचारलं,

"वहिनी, खरं सांगा. गोळी एकही नाही?"

"एकही नाही."

मनात म्हटलं, नंतर एकटीला गाठून सांगू. ती पिशवीभर कारली घेऊन गेली. मी सांगितलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला मनमाडला गेले, तर ताई अर्धी झालेली. तांब्यावर तांब्या पाणी पीत होती. गोळ्या आखाजीपासूनच बंद. तरी हसून म्हणाली, "वहिनी, तुमच्या कारल्यापुढे आमचे हेसुद्धा गोड लागायला लागलेत." स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. दोघीच — मग तेव्हा कुणाची लाज होती? ऐकायला कोण होतं? मी म्हणाले, रस जरा वाढवा. हे मी बोलले. चांगली शुद्धीत होते.

पुढे चप्पल लागून तिच्या पायाला फोड आला. तो काळा पडला. नाशिकला दवाखान्यात आणली, पाय गुडघ्याखालून काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, काळजावरही मार बसलाय, साखरेत कधीकधी छातीत दुखत नाही, माणसाला कळतच नाही. गोळ्या का सोडल्या म्हणून तिच्यावर रागावले. ते गेल्यावर ताई माझा हात धरून म्हणाली,

"तुम्हाला जमलं, मला नाही जमलं, वहिनी. आखाजीला आमरस खाल्ला ना मी. माझी जीभच वाईट."

माझ्या तोंडाकडे बघत होती. काय ऐकायचं होतं तिला? की तिचं काही चुकलं नाही, एवढं कुणीतरी म्हणावं? — मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

वर्षाच्या आत ती गेली. काळीज बंद पडलं.

अजून नातेवाइकांत विषय निघाला की म्हणतात, सुमनचा जिभेवर ताबा नव्हता, वहिनीकडे बघून तरी शिकायचं. मी ऐकून घेते. तिच्या सुनेने मला दहाव्याला सांगितलं होतं — आखाजीच्या त्या एका वाटीनंतर सासूबाईंनी गोडाचा कण तोंडात घातला नाही, नातवाच्या बारशालाही नाही. भात नाही, बटाटा नाही. सकाळी रस, वर भाकरीचा चतकोर.

तिचं पथ्य चोख होतं. माझ्यापेक्षा चोख.