आमच्या भावजींची चौकशी

माझे धाकटे दीर सरकारच्या संरक्षण खात्यात मोठे अधिकारी आहेत. किती मोठे, ते मला आजही नीट सांगता यायचं नाही. मी लग्न होऊन नांदूरघाटला आले तेव्हा ते चौथीत होते. शेंबूड शर्टाच्या बाहीला पुसायचे आणि मला बघितलं की कणगीमागं लपायचे. बीडला कॉलेज केलं, मग इंजिनिअर झाले, मग दिल्लीची कसली परीक्षा पास झाले आणि दारूगोळा तपासायच्या कामावर लागले. कारखान्यात तोफेचे गोळे तयार होतात ना, ते फौजेकडं जायच्या आधी भावजींची सही लागते. सही नाही तर गोळा जागचा हलत नाही.

हे मला कळलं ते माझ्या जावेकडून. भावजी स्वतः कामाचं एक अक्षर बोलत नाहीत. जाऊ सांगायची, एकदा नमुन्यातले थोडे गोळे नीट फुटले नाहीत म्हणून यांनी सगळाच्या सगळा माल अडवला. वरून फोनावर फोन. हे म्हणाले, "ज्याच्या हातात हे जाणार हाय त्या शिपायाचा फोन येऊ द्या, लगेच सोडतो." माल काही सोडला नाही. जाऊ हसत सांगत होती, पण माझ्या अंगावर काटा आला. कणगीमागं लपणारं पोर हो ते!

एकदा त्यांच्या क्वार्टरवर राहायला गेलते. सकाळी ते कामावर निघाले तशी मी फाटकापर्यंत बरोबर चालत गेले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं टाच आपटून असा सलाम ठोकला की मीच दचकले. आणि लगेच त्याच पहारेकऱ्यानं भावजींचे खिसे चाचपले. काडेपेटी, लायटर, मोबाइल, काही आत जाऊ देत नाहीत म्हणे. एवढा साहेब माणूस, दोन्ही हात वर करून उभा राहिला. मला वाटलं नवीन पहारेकरी असेल, ओळखत नसेल. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "ओळखतो की. त्याच्या पोरीच्या लग्नाला गेलतो मी." मग का म्हणून झडती घेतो? तर म्हणे, "ओळखतो म्हणून सोडलं तर फाटक कशाला पायजे, वहिनी?" 

तर सांगायची गोष्ट पुढंच आहे. काही वर्षांमागं भावजींचा फोन आला. म्हणाले, "वहिनी, दिल्लीला एका जागेसाठी माझं नाव हाय. त्याच्या आधी गावात माझी चौकशी व्हईल. कोणी आलं तर जे हाय ते सांगा. माझं चांगलं व्हावं म्हणून एक शब्द वाढवू नका आन एक कमी करू नका. त्यांनी नापसंत केलं तर ती जागा गेली, पुन्हा न्हाई मिळत." मी हो म्हणलं. आमचे हे तेव्हा लातूरला लेकीकडं गेले होते, त्यामुळं मी एकटीच. गावात बोभाटा नको म्हणून कोणाला काही बोलले नाही.

चार दिवसांनी मी कापूस वेचून घरी येत होते, तर चौकातला हॉटेलवाला गल्ल्यावरून उठून पळतच आला. भावजींच्या वर्गातला, एका बाकावर बसणारा. तोंड असं फुललेलं!

"वहिनी, वाचवलं बरं का तुमच्या दिराला!"

"काय झालं रे?"

"एक जण आलता साध्या कापडात. बूट मात्र पोलिसाचे. त्याचं नाव घेऊन विचारायला लागला, वळखता का, माणूस कसा हाय. मी म्हणलं, असा कोणी आमच्या गावात न्हाई."

"अन् मग?"

"मग तो सलूनात गेला, दूध डेअरीवर गेला. सगळ्यांनी तेच सांगितलं. पारावरचा म्हातारा तर म्हणला, ह्या आडनावाचं घरच न्हाई हितं! जेवायला मिळंल का म्हणला, तर मी म्हणलं हितं निस्ता चहा, जेवायचं तर मांजरसुंब्याला जा. आत्ताच गेला बिचारा."

आता आमच्याकडची रीत तुम्हाला सांगायला पाहिजे. आमच्या भागातले निम्मे लोक ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतले आणि एखादा गेला नाही, तर मुकादमाची माणसं गाडी घेऊन, कधी पोलिसालाही बरोबर घेऊन, शोधत येतात. मग गाव एक होतं. अनोळखी माणसानं कोणाचं नाव घेतलं की तो माणूस गावात जन्मलाच नाही म्हणायचं. ही माया असते हो, दुसरं काही नसतं. पण त्या मायेनं त्या दिवशी माझ्या दिराला गावातून पुसूनच टाकलं.

मी डोक्यावरचं गाठोडं तिथंच खाली टाकलं. "अरे, ती सरकारी चौकशी होती! दिल्लीच्या जागेची! आता तो लिहील, ह्यानं सांगितलं ते गावच खोटं हाय. काढ गाडी."

"कुठं?"

"मांजरसुंब्याला. जेवत असंल तो अजून."

हॉटेलवाल्याचं तोंड एवढंसं झालं. भज्यांची कढई बायकोच्या हवाली केली आणि गाडीला किक मारली. ह्या वयात मोटारसायकलवर एका अंगाला बसून मी वाटेतला घाट पाहिला. नाही, पाहिला नाही, डोळे मिटले होते. अर्ध्या वाटेत तो मान वळवून ओरडला, "वहिनी, ते कॉलेजातलं ठाण्याचं प्रकरण तेवढं सांगू नका बरं का!"

 मी ते विसरलेच होते. बीडला कॉलेजात असताना दुष्काळात पाण्यासाठी पोरांनी रस्ता अडवला होता. त्यात भावजी पण होते. पोलिसांनी उचलून नेलं, एक रात्र ठाण्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सासरे जाऊन घेऊन आले. पुढं ते प्रकरण मिटलं. पण ठाणं ते ठाणं. सांगितलं तर माझ्याच तोंडानं त्यांची जागा जाणार. नाही सांगितलं तर फोनवर दिलेला शब्द जाणार.

ढाब्यावर तो माणूस शेवभाजी-भाकरी खात बसला होता. तिशीतला, शांत. हॉटेलवाल्याला बघितल्याबरोबर ओळखलं त्यानं.

"काय काका, चहा घेऊन आलात का हितपर्यंत?"

"साहेब, चुकी झाली. मी एका बाकावर बसलोय त्याच्या. तुमाला मुकादमाचा माणूस समजलो."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मला म्हणाला, "बसा मावशी. तुम्ही कोण?" मी सांगितलं, मी थोरली भावजय. मग त्यानं हात धुतले आणि एकेक विचारायला लागला. दारू पितात का? नाही. कोणाशी वाकडं? बांधावरून चुलत्याशी होतं, आता बोलतात. घरी परदेशी पाहुणे येतात का? मी म्हणलं, "बाबा, पुण्याचे पाहुणे आले तरी आमच्याकडं बघायला गर्दी जमते."

मग म्हणाला, "कधी पोलीस केस वगैरे?"

हॉटेलवाल्यानं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला.  समोर काय काय आलं म्हणून सांगू! फाटकावर वर केलेले ते हात, अडवलेला माल. ज्या माणसानं जन्मभर खोटी सही केली नाही, त्याच्यासाठी मी खोटं कसं बोलू? मी सगळं सांगितलं. पाणी, रस्ता, ठाणं, सासऱ्यांनी आणलेलं, सगळं.  त्यानं ते लिहिलं, नमस्कार केला आणि निघून गेला.

  घराजवळ उतरवताना हॉटेलवाला म्हणाला, "वहिनी, तुमी त्याला घातला खड्ड्यात."

पुढचे कित्येक दिवस मी फोन वाजला की दचकत होते. आमच्या ह्यांना पण सांगितलं. ते म्हणाले, खरं बोललीस ना, मग गप बस. पण गप बसून मन गप बसतं का? मी स्वतः भावजींना फोन केला नाही. काय तोंडानं करणार?

उन्हाळा लागला होता. मी अंगणात शेवया घालत होते. फोन आला. "वहिनी, झालं. पुढच्या महिन्यात दिल्ली."

मला रडूच आलं. म्हणलं, "भावजी, मी ते ठाण्याचं सांगितलं व्हतं."

"मला म्हाईत हाय. मी माझ्या हातानं अगोदरच लिहून दिलतं. तुमी लपवलं असतं तर दोघांतला एक खोटा ठरला असता."

मी थक्क झाले. एवढी जुनी गोष्ट, कोणाला आठवत नव्हती, कोणी विचारली नसती, आणि ह्या माणसानं ती आपण होऊन काढून पुढं ठेवली. जागा जाऊ शकते हे माहीत असून! मी त्याला जेवू घातलंय, ताप आला तर उशाशी बसलेय, तरी हा माणूस एवढा कधी झाला ते मला दिसलंच नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "सांगताना भ्या वाटलं का, वहिनी?"

"लई."

 मग हळूच म्हणाले, "मला बी लिहिताना लई वाटलं व्हतं."